पहिल्या चार्जिंगचे आठ तास

आमच्या घरात पहिला मोबाइल आला तेव्हा मी नववीत होते. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. फ्लॅट नवाकोरा होता. लिफ्ट होती, दोन बाल्कन्या होत्या, गेटवर सोसायटीचं नाव सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. फक्त वीज नव्हती. म्हणजे होती, पण यायची, जरा टेकायची आणि निघून जायची.

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. लेखी सूचनांवर त्यांचा फार विश्वास. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि त्या नादात औषध घ्यायचं विसरायचे. मोबाइल घेतला तेव्हा मात्र सूचना तोंडी मिळाली, आणि तीही नेहरू प्लेसच्या दुकानदाराकडून. खोकं हातात देताना तो म्हणाला, "भाईसाहब, पहला चार्ज पूरे आठ घंटे. बीच में टूटना नहीं चाहिए. टूट गया तो बैटरी पूरी खाली करके फिर से आठ घंटे. वरना बैटरी को आदत लग जाएगी."

"कसली आदत?" आईने घरी आल्यावर विचारलं.

"अर्धवट राहायची," बाबा म्हणाले. "बॅटरीला स्मरणशक्ती असते. पहिल्या दिवशी जे घडतं ते ती जन्मभर लक्षात ठेवते."

"बरं झालं. घरात कुणालातरी आहे म्हणायची."

शनिवारी सकाळी आठ वाजता बैठकीच्या खोलीत स्टूल मांडलं, त्यावर धुतलेला टेबलक्लॉथ घातला आणि मोबाइल चार्जिंगला लावला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचा कण बटणांच्या फटीत गेला म्हणून बाबांनी तो टाचणीने काढला. मग आम्ही तिघं सोफ्यावर बसून पडद्यावरच्या चार काड्या खालून वर चढताना बघत राहिलो. साडेअकराला पंखा थांबला. मागोमाग काड्याही थांबल्या.

"गेली," आई म्हणाली.

बाबांनी वहीत नोंद केली, "साडेतीन तास. अपूर्ण," आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ही पूर्ण रिकामी करायची. तू कर."

बोलून रिकामी करता आली असती, पण पहिली चार्जिंग पूर्ण होईपर्यंत नंबर कुणालाही द्यायचा नाही असं बाबांनी ठरवलं होतं. राहिला फोनमधला सापाचा खेळ. त्या बॅटरीत जीव दांडगा होता, साप खेळून खेळून संपेचना. मी शाळेतून आले की साप, जेवले की साप. भूमितीचं पुस्तक उघडलं तर बाबांनी डोकावून विचारलं, "हे काय? बॅटरी झाली का?" अभ्यासाला बसले म्हणून ओरडा खाल्लेली आमच्या सोसायटीतली मी एकटीच असेन. माझ्या मैत्रिणी जिन्यात रांग लावायच्या आणि आळीपाळीने आमची बॅटरी उतरवायला मदत करायच्या. बाबा त्यांना सरबत द्यायचे.

मंगळवारी साप मेला, फोनही मेला. पुढच्या रविवारी दुसरा प्रयत्न. या वेळी बाबांनी आधी वीजवाल्यांच्या तक्रार केंद्राला घरच्या फोनवरून विचारलं, "आज बिजली जाएगी?" पलीकडचा माणूस म्हणाला, "जाएगी तो आपको पता चल जाएगा."

त्या दिवशी सात तास वीस मिनिटं वीज टिकली. शेवटच्या तासात आम्ही कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतो. मग दारावरची घंटा वाजली, वरच्या मजल्यावरच्या सरदार अंकलनी डोकं आत घालून "हो गया?" असं विचारलं आणि त्याच क्षणी वीज गेली. अंकलना इतकं वाईट वाटलं की ते आत येऊन बसले आणि आमच्याबरोबर शोक करू लागले.

"सात तास वीस मिनिटं म्हणजे झालंच की हो," आई म्हणाली.

"सात वीस म्हणजे आठ नव्हेत."

"बाबा, चार काड्या कधीच्या भरल्यात," मी म्हटलं. "अडीच तासांतच भरल्या होत्या. मी बघितलंय."

बाबांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "त्या वरवरच्या काड्या. आतपर्यंत मुरायला वेळ लागतो. लोणच्याचं नाही का? बरणी भरली म्हणजे लोणचं झालं असं होतं का?"

आता अंकलनी उपाय सुचवला. त्यांचं म्हणणं, इथे आठ तास सलग वीज मिळणं कठीण, तेव्हा चार्जिंगच जोरात करायची. "लोड कम करो जी! फ्रिज बंद, कूलर बंद, पंखे बंद. घर का सारा करंट फोन में जाएगा. आठ घंटे का काम चार में." बाबांना हे पटलं. का पटलं ते विचारायची सोय नव्हती, कारण अंकल ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते आणि बाबांच्या मते मशीन म्हणजे मशीन.

म्हणून पुढच्या शनिवारी, मे महिन्यात, फरीदाबादला, आम्ही घरातली सगळी बटणं बंद करून बसलो. बाहेर लूचे गरम वारे चालले होते. जोरात चार्ज होताना बॅटरी तापते आणि तापली की तिचं आयुष्य घटतं, असं खोक्यातल्या पुस्तिकेत कुठेतरी बाबांना सापडलं होतं. त्यामुळे फोन स्टुलावरून उचलून माठाच्या तोंडावर पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर ठेवला होता. बाबा शेजारी बसून त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते. आईने अर्ध्या तासाने पदर मानेवरून फिरवत विचारलं, "एखादी झुळूक इकडे नाही का येणार?"

"अगं, तुला आदत लागत नाही."

"आदत नाही हो, सवय म्हणा," आई म्हणाली. "पोरीचं मराठी आधीच यार-यार झालंय."

तहान लागली तर पाणी काढता येईना, कारण माठावर फोन. आईने चार तास कळ काढली. मग वीज गेली, आणि गेल्याचं आम्हाला कळलंच नाही, कारण सगळं आधीच बंद होतं. तासाभराने बाबा पडद्याकडे वाकून बघायला गेले तेव्हा उलगडा झाला. फ्रिजमध्ये आईने श्रीखंडासाठी बांधलेला चक्का होता. त्याला इतका आंबूस वास येऊ लागला की अंकल वरून विचारायला आले, काही नवीन मराठी पदार्थ केलाय का.

चक्का टाकून देताना आई शांतपणे म्हणाली, "हा फोन एक तर पुढच्या रविवारी चार्ज होईल, नाहीतर मी माहेरी जाईन. तिथे चोवीस तास वीज आहे."

यातलं चोवीस तास वीज एवढंच बाबांनी ऐकलं. "ताईंकडे!" ते ओरडले.

ताई म्हणजे माझी मोठी मावशी. काका आणि ती अजून दिल्लीत, लोदी कॉलनीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. त्यांची लाइन कुठल्यातरी मोठ्या बंगल्याच्या लाइनला जोडलेली आहे अशी वदंता होती. खरं-खोटं माहीत नाही, पण त्यांच्याकडची वीज गेलेली कुणी पाहिली नव्हती. रविवारी सकाळी आम्ही शटल गाडीने निघालो. फोन खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी बाबांच्या मांडीवर. "सहज भेटायला येतोय" एवढंच त्यांना कळवलं होतं.

मावशीने दार उघडलं. "या, या! किती दिवसांनी!"

"प्लग कुठाय?" बाबा म्हणाले.

सव्वादहाला फोन लागला, मावशीच्या दिवाणाशेजारी. बाबांनी घड्याळ बघून मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. पोहे झाले, गप्पा झाल्या, जेवण झालं. काकांची आई त्यांच्याकडेच असायची. वय पुष्कळ, कानांनी जरा कमी ऐकायची, पण तब्येत खणखणीत. जेवणानंतर मावशी घड्याळाकडे बघायला लागली. मग काका बघायला लागले. शेवटी मावशी म्हणाली, "भावजी, आम्हाला जरा चार वाजता करोलबागेत बारशाला जायचंय. तुमची गाडी कितीची?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने भिंतीकडे पाहिलं.

"सव्वासहानंतरची कुठलीही," बाबा म्हणाले.

"सव्वासहाच का?"

मग सगळं सांगावं लागलं. दुकानदार, आठ तास, साप, चक्का. मावशी ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू लांब होत होता. "म्हणजे तुम्ही आम्हाला भेटायला नाही आलात? आमच्या प्लगला भेटायला आलात?"

"तसं नाही, ताई."

"पोह्यांत खोबरं घातलं मी, माणसं आली म्हणून!"

काका समंजस होते. त्यांनी तोडगा काढला: आई आणि मी बारशाला जायचं, बाबांनी घरी थांबून आजींना सोबत करायची. आईने मावशीची साडी नेसली, मी आहे त्याच फ्रॉकमध्ये गेले. बारशात आईला सगळे विचारत होते, मिस्टर नाही आले? आई म्हणत होती, "ड्यूटीवर आहेत."

साडेसहाला परतलो. बाबा खोलीच्या मधोमध उभे होते. केस उभे, एका गालावर दिवाणाच्या चादरीची नक्षी उमटलेली. समोर खुर्चीत आजी, हातात जपमाळ.

"काय झालं?" आईने विचारलं.

बाबांनी प्लगकडे बोट दाखवलं. बटण बंद होतं.

झालं असं होतं की बाबा जरा आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि बटण कुणीतरी बंद केलं होतं. कुणी केलं ते उघड होतं. प्रश्न एवढाच होता की किती वाजता.

"आजी, नीट आठवा," बाबा म्हणत होते, बहुधा दहाव्यांदा. "बटण कधी बंद केलंत?"

"अरे, उगीच चालू राहिलं होतं. ना पंखा, ना दिवा."

"हो, पण कधी?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे? चहाच्या आधी की नंतर?"

"चहा दिलाच कुठे मला कुणी?" आजी म्हणाल्या. "तू घोरत होतास."

काका वळून खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. बाबा मात्र पक्के सरकारी माणूस, चौकशी अर्धवट सोडणारे नव्हते. "बरं, ऊन कुठपर्यंत आलं होतं? या लादीपर्यंत की त्या?"

आजींनी चष्मा पुसला, लाद्यांकडे बघितलं, आणि फार विचार करून म्हणाल्या, "ऊन मी आज पाहिलंच नाही. पडदा ओढलेला होता ना तुला झोपायला."

बाबा दिवाणावर बसले. "आता परत रिकामी करायची," ते हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला तेव्हा डोळे मिटले तरी साप दिसत असत. मी रडायला लागले. खरंखुरं, आवाज करून.

माझं रडणं ऐकून आई उठली. मावशीच्या साडीचा पदर तिने खोचला, चार्जरची वायर ओढून काढली, फोन हातात घेतला आणि चालू केला. चार काड्या ठणठणीत. "अगं, थांब, आधी..." बाबा म्हणेपर्यंत तिने नंबर दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मावशीच्या घरातला, कोपऱ्यातला टेलिफोन वाजू लागला.

तो आजींच्या हाताशीच होता. त्यांनी उचलला. "हॅलो, कोण?"

"मी बोलतेय, आजी," आई दोन हातांवरून म्हणाली.

"कोण? फरीदाबादहून का?"

"इथूनच, आजी. तुमच्या समोरून."

"आवाज फार लांबून येतोय गं," आजी ओरडल्या. "आज इकडेच येणार होतात ना? मग आला नाहीत ते?"

मावशी दिवाणावर कोसळली. पोह्यांतल्या खोबऱ्याचा राग तिथेच संपला. बाबा तेवढे गंभीर होते. त्यांनी फोन कानाला लावला, आजींचा आवाज ऐकला, रिसीव्हरकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. मग म्हणाले, "क्लिअर आहे पण."

तो फोन आमच्याकडे सहा वर्षं टिकला. बाबांनी त्याला कधी अर्धवट चार्ज केलं नाही. आई ऊठसूट स्वयंपाकघरात दहा-दहा मिनिटं लावून काढायची, बाबांची पाठ वळली की. दोघांपैकी कुणामुळे टिकला यावर आमच्याकडे अजून दोन पक्ष आहेत. पुढे फोन दुरुस्तीला दिला तेव्हा तिथली तरुण इंजिनिअर मुलगी बॅटरी उलटून बघत म्हणाली, "अंकल, इसमें मेमरी-वेमरी कुछ होती ही नहीं. वो पुरानी वाली बैटरियों में होता था. इसे तो आधा-अधूरा चार्ज करना ही अच्छा है."

बाबांनी तिला दोनदा विचारलं. मग परतीच्या वाटेवर बदरपूरपर्यंत ते बोटांवर तास मोजत होते. मी मात्र मनातल्या मनात नववीतल्या भूमितीचे गमावलेले सगळे मार्क मोजत होते.

आता ते निवृत्त आहेत, फोन भारीतला आहे आणि नियम नवीन आहे: वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही. फास्ट चार्जर खोक्यातच आहे, कारण तो "घाई करतो." ऐंशी झाले की बाबा ताटावरून उठतात. मागच्या महिन्यात मला प्रमोशन मिळालं तेव्हा मी गुरुग्रामहून त्यांना व्हिडिओ कॉल केला. "बाबा, एक मोठी बातमी आहे," मी म्हटलं.

"एकवीस आहेत," बाबा म्हणाले. "पटकन सांग."

मी पटकन सांगायला तोंड उघडलं, आणि तिकडे वीस झाले. कॉल कट.