क्लोरीनचं सासर

लातुरात मुलींच्या एका वसतिगृहात मी स्वयंपाक करते. गाव बिलोलीकडचं. आठवी झाली, लग्न लागलं आणि शाळा तिथंच राहिली. मालकीणबाई मात्र देवमाणूस. एकदा म्हणाल्या, "दहावी काढा, तुम्हाला इथंच वॉर्डन करते." शेगडीपुढून उठून खुर्चीवर बसायचं! मी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

बाकीचे विषय कसेबसे जमले. विज्ञान मात्र भातातल्या खड्यासारखं दाताखाली यायचं. मग डॉक्टर व्हायला नांदेडहून आलेली एक पोरगी, मी भाकरी थापत असताना ओट्याशी उभी राहून मला शिकवू लागली.

"मावशी, सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो. दोघांचा बंध जुळला की झालं मीठ."

"आणि नाव?"

"सोडियम क्लोराइड. धातूचं नाव आधी, जसंच्या तसं. मागच्याचं बदलायचं. क्लोरीनचं क्लोराइड, ऑक्सिजनचं ऑक्साइड."

"सोडियमचं काहीच बदलत न्हाई?"

"न्हाई."

"मग सरळ सांग की, क्लोरीन नवरी हाय!"

माझंही असंच झालं होतं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव काढलं, संपला विषय.

पोरगी विचारात पडली. "पण मावशी, इथं देणारा तर नवरा हाय."

"म्हणून तर ते पुस्तकात हाय," मी म्हटलं, "आपल्याकडं न्हाई."

ती हसून हसून खाली बसली. एक भाकरी करपली, पण नावं डोक्यात बसली.

विज्ञानाची तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेत होती. व्हरांड्यात बसून मी पुटपुटत होते. शिपाई एकेकीला हाक मारून आत सोडत होता. कुणी एक बाई काही केल्या उठत नव्हती. दुसऱ्यांदा हाक झाली, तेव्हा मला तिचा रागच आला. एवढी फी भरून अशी दडी मारतं कुणी?

"चला, गैरहजर," शिपाई म्हणाला.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. ते नाव माझंच होतं, माहेरचं, शाळेच्या दाखल्यावरचं. लग्नानंतर त्या नावानं मला कुणी बोलावलंच नव्हतं.

"हाय, हाय, मी हाय!"

"मघापासून बोंबलून राहिलो. कुठं होता बाई?"

"इथंच. तुमच्यापुढं."

आत सरांनी कागदावर एक मॅग्नेशियम आणि दोन क्लोरीन लिहिले. "नाव?"

"मॅग्नेशियम क्लोराइड."

"क्लोरीन दोन का?"

आमच्या गावातल्या दोन बायकांच्या दादल्याचं उदाहरण अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं, पण तोंडातून गेलंच, "सर, त्याची ऐपत हाय."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"द्यायला दोन इलेक्ट्रॉन हायत त्याच्याकडं. एकीला एकच लागतो."

सर खिडकीकडं तोंड करून बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "जा बाई."

हे 'जा' पास झाल्याचं की घरी जाण्याचं, या विचारात मी निकालापर्यंत वाळले.

निकाल त्या पोरीनंच फोनवर काढला. "मावशी, पास! विज्ञानात पण!"

"दुसऱ्या फोनवर बघ."

दुसऱ्यावरही पास. तरी मी मालकीणबाईंच्या फोनवर बघायला लावलंच. बाईंनी बघितलं आणि वसतिगृहाच्या चाव्यांचा जुडगा माझ्यापुढं धरला.

मी हात पुढं केले. पण हात पिठाचे होते. म्हटलं, "बाई, तेवढ्या भाकरी उरकू द्या, मग घेते."