इंजनावरचा गुलाल

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं डिझेलच्या वासात शिकलो. कुरुंदवाडच्या वाटेवर वडापची, म्हणजे माणसामागं भाडं घेऊन सीट भरणारी, जीप चालवून मंगळवार पेठेतलं घर उभं केलं. देवाला हात जोडत होतो, पण मागत नव्हतो. देवाला इंजनातलं काय कळतंय, असं उघड म्हणायचो आणि बायको कानावर हात ठेवायची.

त्या वर्षी जीपनं दोन दुखणी काढली. पुढचा फॅनबेल्ट, आम्ही त्याला पट्टा म्हणतो, तो किंचाळायचा आणि खाली ऑईल टिपकायचं. नवा पट्टा घातला, ताण दिला, की थोडे दिवस गप्प, पुन्हा तेच. ऑईल खाली पडतंय म्हणून गाडीखाली झोपून मी तळाच्या चेंबरचे बोल्ट आवळायचो. आणि रोज सकाळी रॉकेलच्या फडक्यानं इंजन लख्ख पुसायचो. माझ्या इंजनावर बोट फिरवा, काळं लागलं तर मिशी उतरवतो, असा माझा तोरा.

मुलगा मात्र धास्तावला होता. या गाडीत ब्रेकला जोर देणारा पंप पट्ट्यावरच फिरतो. घाट उतरताना पट्टा तुटला तर ब्रेक दगड होतो, पायानं दबत नाही. जोतिबाला जायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, "आबा, आता तुमी बाजूला बसा. आईला मी नेतो." मला ते लागलं. म्हणालो, "डोंगरावर गाडीनं आवाज काढला तर चावी तुझ्या हातात. परत स्टेअरिंगला शिवणार न्हाय."

रविवारी मी आणि बायको दोघंच निघालो. घाट निम्मा चढलो आणि पट्ट्यानं सूर धरला. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही, हे मला जास्त झोंबलं. वर गाडीतळावर बॉनेट उघडलं आणि चालू इंजनाच्या पट्ट्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. बेरिंग गेलं असेल तर पाण्यानं काही फरक पडत नाही. इथं आवाज आणखी चढला. म्हणजे पट्टाच घसरत होता. पण नवा पट्टा, ताण पुरता, मग घसरतो कशानं? इंजन बंद केलं. खाली घाट दिसत होता.

"पोराला फोन लावू?" बायकोनं विचारलं.

"लाव की. मग मी चालत उतरतो."

"आधी दर्शन घिऊया. गाडी कुठं जात न्हाय. तुमीबी न्हाय."

देवासमोर त्या दिवशी मी पहिल्यांदा मागितलं. गाडी नीट कर असं नव्हे, तेवढं मला येतंय ही घमेंड अजून होती. एवढंच म्हणालो, हिला सुखरूप खाली ने, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

परत येऊन बॉनेट उघडलं आणि सवयीनं इंजन पुसून काढलं. तेवढ्यात शेजारच्या गाडीजवळ काही माणसं चांगभलं म्हणत गुलाल उधळायला लागली. वारं फिरलं आणि मूठभर गुलाल थेट माझ्या इंजनावर आला. मी भडकलो.

"अवो बाई, इंजान हाय ते. पालखी न्हवं."

गुलालाची परडी धरलेली बाई म्हणाली, "पावणं, देव न बोलावता आला तुमच्या गाडीवर. आणि तुमी भांडताय व्हय?"

मी फडकं उचललं. बायकोनं मनगट धरलं. "देवाचा गुलाल त्या फडक्यानं पुसताय? ऱ्हाऊ द्या तसाच." का कुणास ठाऊक, मी हात मागं घेतला आणि तसंच इंजन चालू केलं.

सगळीकडं गुलाल कोरडा होता. एकाच जागी तो काळपट भिजायला लागला. तळाशी नव्हे, अगदी वर, टॅपेट कव्हर म्हणजे इंजनाच्या झाकणाच्या पुढच्या कोपऱ्यात. तिथून एक ओली रेघ उतरली ती पुलीवर, पुलीवरून पट्ट्यावर. दोन दुखणी नव्हतीच, एकच होतं. ऑईल वरून गळत होतं, पट्टा त्या ऑईलवर घसरत होता आणि रोज पुसून त्याची वाट मीच मिटवत होतो.

झाकणाचा पुढचा नट हातानं फिरला इतका सैल होता. तो आवळला. त्याच बाईनं साबणाची वडी आणि पाणी दिलं, त्यानं पट्टा आणि पुली धुऊन कोरडी केली. साबण तिनं आठवणीनं परत मागून घेतला. पहिल्या गिअरमध्ये घाट उतरलो. गाडी गप्प होती.

डोंगरावर वारं असतंच, म्हणून गुलाल पडला, असं कुणी म्हणालं तर मी भांडत नाही. पण फडकं धरलेला माझा हात माझ्या मनानं कधी थांबला नव्हता, तो त्या दिवशी थांबला. वर्षभर मी जमिनीवरचे डाग बघत बसलो. वर बघायला देवानं लावलं. त्याचे उपकार मी मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाचं पॅकिंग बदललं, नवा पट्टा चढवला आणि मुलासमोर गाडी चालू केली. त्यानं कान दिला. "आवाज गेला की, आबा."

"गेला. पण काल घाटात निघालता."

"आई काय बोलली न्हाय."

"ती कशी बोलंल?"

मी चावी त्याच्या हातावर ठेवली, गाडीला वळसा घातला आणि बाजूला बसलो.