हिच्या मामांचं शेवटचं आभारप्रदर्शन

माणसं नाना कारणांसाठी जन्माला येतात, पण केवळ आभार मानण्यासाठी जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला: आमच्या हिचे मामा. मूळचे नागपूरचे, नोकरीने भोपाळचे, राहायला आमच्याच टाउनशिपमध्ये. सरकारी कारखान्यातली फोरमनकी हा त्यांचा जोडधंदा. मुख्य व्यवसाय आभारप्रदर्शन. टाउनशिपमध्ये गणपती असो, कामगारांची सभा असो की बड्या साहेबांचा निरोपसमारंभ, शेवटी माइकपाशी मामाच. पाहुणे, अध्यक्ष, हारवाला ही नुसती सुरुवात; शेवटचं नाव दारापाशी थांबलेल्या, सतरंज्या उचलणाऱ्या म्हाताऱ्याचं. एकदा तर त्यांनी वीज न घालवल्याबद्दल वीज मंडळाचे आभार मानले आणि त्याच क्षणी दिवे गेले. मामांनी अंधारात, बिनमाइकचे, पुढचे आभार चालू ठेवले. घरीही तीच तऱ्हा. जेवण झालं की मामींचे आभार, वाढणाऱ्या लेकीचे आभार आणि भेंडी कोवळी निघाली म्हणून जवाहर चौकातल्या भाजीवाल्याचे आभार. शेवटी मामी म्हणायच्या, "अहो, उठा आता, हात वाळला."

मामांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. निवृत्ती म्हणजे क्वार्टर रिकामं करून मुलाकडे पुण्याला जाणं. त्यातच दवाखान्याला रुग्णवाहिका घेण्यासाठी मदतनिधीचा कार्यक्रम ठरला: एका माजी हॉकी चॅम्पियनचं प्रेरणादायी भाषण. मामांना मिळणारी ही शेवटची संधी. पण क्लबच्या सेक्रेटरींना आभारासाठी मोठ्या साहेबांच्या पत्नी हव्या होत्या. मामांची अन्नावरची वासना उडाली. "जावईबापू, मला शाल नको, नारळ नको. एवढा एक माइक द्या म्हणा," असं ते मला म्हणाले. मी सेक्रेटरींच्या घरी खेटे घातले. अखेर, दोनच मिनिटं बोलायचं, या अटीवर परवानगी मिळाली.

चॅम्पियन तासभर उशिरा आले आणि सभागृहातही काळा चष्मा लावून बसले. भाषणाचं सार एवढंच, की ते एकटे चालले म्हणून जिंकले. "मेरी जीत में किसी का एहसान नहीं!" असं त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. मग सगळ्यांना हात उंचावून "मैं कर सकता हूँ!" ओरडायला लावलं. मोठ्या साहेबांनी आधी दिल्लीहून आलेल्या डायरेक्टरांचा हात वर गेल्याची खात्री केली, मग स्वतःचा उचलला. ज्या कारकुनाची रजा साहेबांनी त्याच सकाळी नामंजूर केली होती, तो सर्वांत मोठ्याने ओरडला.

मामा उठले तसे लोक नेहमीप्रमाणे पायांनी चपला चाचपू लागले. मामांनी आपल्या नागपुरी हिंदीत सुरुवात केली. "सर बोले, वो अकेले जीते. अपने को ये काही जमा नहीं. पहली स्टिक तो किसी ने दिलाई होगी ना? सर, कौन थे वो?"

सेक्रेटरी घड्याळ दाखवू लागले. चॅम्पियन हसले, मग हसू मावळलं. त्यांनी चष्मा काढला.

"बड़े भैया ने," ते म्हणाले. "अपनी साइकिल बेच के."

"अभी कहाँ रहते?"

"अब नहीं रहे."

मामांनी हात जोडले. "तो आज का पहला आभार उनका," एवढंच म्हणाले आणि माइकपासून बाजूला झाले. मोठ्या साहेबांचं नावही न घेता ते खाली उतरले. साहेबांना ते फार लागलं. पण चॅम्पियन मंचावरून उतरून आले आणि मामांचा हात धरून तसेच उभे राहिले. त्या दिवशी कुणीही आधी उठून गेलं नाही.

मामा पुण्याला गेले. हल्ली आभार साहेबांच्या पत्नी मानतात, अगदी सुबक, दोन मिनिटांत. आम्ही वेळेवर घरी पोचतो. मला मात्र मामांची फार आठवण येते. सतरंज्या उचलणारा आमचा म्हातारा अजूनही सवयीने दारापाशी ताटकळतो. शेवटचं नाव घेऊन होतं, माइक बंद होतो, आणि मग तो मुकाट्याने सतरंजी गुंडाळू लागतो.