चूप, भाव लागला!

आमच्या मामानं आयुष्यभर मान दिला तो रेडिओला, माणसांना नाही. कापसाचे भाव लागायची वेळ झाली की "चूप!" म्हणून असा ओरडायचा की गोठ्यातले बैलसुद्धा कान टवकारायचे. अकोल्याजवळच्या त्याच्या गावात त्याला सगळे चूपमामाच म्हणत.

त्याच्या रागाला कारण होतं, हे मान्य. कापसाची माती झालेली ती वर्षं. आज या घरी रडारड, उद्या त्या घरी, आणि व्यापारी तोंडाला येईल तो भाव सांगणार. म्हणून मामा टेपरेकॉर्डर रेडिओपुढं टेकवून भाव भरून घ्यायचा आणि बाजाराच्या दिवशी ते धूड गाडीत घालून थेट व्यापाऱ्याच्या गादीपुढं लावायचा. "आयक! हे मी बोलून राहिलो का? रेडिओ बोलून राहिला!" व्यापारी पोट धरून हसायचा. "मंग रेडिओलेच इक न कापूस, पाटील." मामा घरी येईपर्यंत शिव्या देत यायचा, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा टेप घेऊन हजर. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बरं, कर हट्ट. पण कोरी कॅसेट आणायला काय धाड भरली होती याला?

माझी आई त्याची थोरली बहीण. कोजागिरीला ती माहेरी आली की भुलाबाईच्या गाण्यांसाठी गावच्या बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. एका कोजागिरीला मामानंच हौसेनं तिची गाणी भरून घेतली. त्यावर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून आईनं कॅसेटच्या पाठीची प्लास्टिकची टिकली केसांतल्या आकड्यानं मोडून टाकली. आमच्याकडे टेप नव्हता, कॅसेट तिथंच राहिली. हिवाळ्यात आई एकदाच माहेरी जाऊन आली आणि पुढच्या उन्हाळ्यात वारली. मी शाळेत होते. तिच्या आवाजाची तेवढी एकच कॅसेट.

मग मी मामाला विचारत राहिले. दर दिवाळीला, दर लग्नात. "हाय न पोरी, कुठंतरी ठुली हाय. सापडंल." वर्षानुवर्षं हेच उत्तर, तेही माझ्याकडे न बघता.

मागच्या वर्षी मामा गेला. तेरवी झाल्यावर मामीनं बिस्किटांचा डबाभर कॅसेटी माझ्या हातात ठेवल्या. त्या अमरावतीला आणल्या, वायरनं लॅपटॉपला जोडायचा प्लेयर घेतला आणि एकेक कॅसेट उतरवायला बसले. सगळे भावच भाव. मग तळाशी आईच्या अक्षरातली 'भुलाबाई' सापडली. मी ती उलटी करून बघते तो मोडलेल्या टिकलीच्या भोकावर चिकटपट्टी! अंगाची नुसती लाहीलाही झाली. लावली, तर भाव. दुसरी बाजू लावली, तिथंही भाव.

"खोटारड्या!" मी लॅपटॉपवरच ओरडले. "मेलास कशाला? भांडायला तरी राहायचं होतंस!"

तेवढ्यात कॅसेटमध्ये दार वाजलं. मामा गरजला, "चूप!" आणि पाठोपाठ माझी आई.

"काय चूप? माह्या गान्यावर भाव भरून राहिला काय रे मुडद्या?"

"आजचा दिवस, बाई. घरात दुसरी कॅसेट नाई. तू पुन्यांदा म्हन न, मी पुन्यांदा भरतो."

"पुन्यांदा? गानं काय कपाशीची पराटी हाय, दरसाली फुटाले?"

रेडिओ आपला भाव सांगतच होता. मी तोंडावर पदर धरून बसले. मला जे जे बोलायचं होतं ते आई तेव्हाच बोलून मोकळी झाली होती, आणि तेही माझ्याहून झणझणीत.

आमचे हे चहाचा कप घेऊन मागं उभे होते. म्हणाले, "भाव कापून टाकू, आईचं तेवढं ठेवू. खरखरही निघते आता."

माझं डोकंच फिरलं. "खबरदार कशाला हात लावाल तर! खरखर राहू द्या, भाव राहू द्या. आणि त्या मेल्याचं 'चूप' तर अजिबात काढायचं नाही. तो ओरडला म्हणून तर आई बोलली."