आबानं काढलेली शाळा

"गावची शाळा आपल्या आबानं काढली," हे वाक्य आमच्या घरात मी जन्मापासून ऐकत आलोय. आबा म्हणजे माझे पणजोबा. शाळेच्या नव्या कमानीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं आणि उद्घाटनाला मला बोलावणं आलं, तेव्हा जालन्यातलं मोटर वाइंडिंगचं दुकान मी चक्क एक दिवस बंद ठेवलं.

सकाळी सातला मोटारसायकलवर निघालो, मागं बायको सुनंदा. देऊळगाव राजाच्या रस्त्यानं जायचं आणि जिल्ह्याची हद्द यायच्या आधी डावीकडं वळायचं. पाटी नाही, बंद पडलेला वजनकाटा हीच खूण. फाट्यावर भजे-चहा, दोघांचे साठ रुपये. भजे समोर तळून मागा.

निजामाच्या काळात मोगलाई इथंच संपायची, ओढ्यापलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड. शाळेची जुनी खोली म्हणजे तेव्हाचा जकात नाका. भिंतीची जाडी मी टेपनं मोजली, सव्वादोन फूट.

कमानीवर पेंटरनं 'आबा प्रवेशद्वार' रंगवून ठेवलं होतं. भाषणात मूळ शब्द हवेत म्हणून मी मुख्याध्यापिका बाईंकडं जुनं दाखल-खारिज रजिस्टर मागितलं. पहिल्याच पानावर होतं, 'आबान. शाळा सुरू.'

"कारकुनाचं न वरचं टिंब राह्यलं," मी म्हणालो.

खाली होतं, 'बहमन. मास्तर रजेवर.'

"बामन मास्तर. गावात सांगतेतच तसं," बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी 'आबान. छप्पर दुरुस्त.' त्याच्या पुढच्या वर्षी 'आबान. तपासणी.'

"आबांनी लईच केलं हो," सुनंदा म्हणाली.

सत्काराला आलेले मकबूल चाचा शेजारीच बसले होते. नव्वदीचे, याच शाळेचे विद्यार्थी. त्यांनी चष्मा लावला, पान बघितलं आणि पोट धरून हसले.

"अरे बेटा, हा माणूस न्हाई, महिना हाय. निजामाचं फसली साल. आजूर, दै, बहमन करत करत बारावा आबान. दर साली येणारच की तो."

"अहो, बोलू नका आता," सुनंदा कुजबुजली. "बोर्ड रंगलाय."

पण वाइंडिंगमध्ये एक वेढा कमी पडला तरी मी मोटर परत उघडतो. पानं चाळली, तर आबा सापडले. पहिल्या मुलांत दाखल, दोन महिन्यांत खारिज. कारण, गुरं.

माइकवर मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मांडव हसला. माझा चुलत भाऊ तेवढा हसला नाही.

"दादा, तू नाव लावायला आल्तास का काढायला?"

पेंटर शिडी घेऊन उभा. "मंग पुसू का?"

"पुसतो कशाला?" चाचा म्हणाले. "एक न वाढव. जागा हाय."

तसंच झालं. 'आबान प्रवेशद्वार.' मी शिडीखाली उभं राहून न ची उंची बघून घेतली, बाकीच्या अक्षरांइतकीच आहे.

परतताना कमानीपेक्षा ते 'गुरं' डोक्यात राहिलं. माझंही नाव सातवीत खारिज झालं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, ते एकदा जाऊन बघायचंय.

घरी आत्या वाट बघत होती. आबांची गोष्ट आम्हाला तिनंच सांगितलेली. तिला फसली साल समजावलं, बारा महिने म्हणून दाखवले. ती सगळं ऐकून घेत होती. मग मोबाईलवरचा फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला.

"आबान," तिनं वाचलं. "बराबर हाय. फक्त टिंब राह्यलं बघ."