माझ्या नावावरच्या गाडीला पट्टे

तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. चाळीस वर्षांची सवय, ती काही आता सुटायची नाही. पण कागदावर तो 'तो'च राहील. त्याने जे केलं त्याला आदरार्थी बहुवचन लावायची माझी इच्छा नाही.

आम्ही कासार आंबोलीला राहतो, त्याच्या निवृत्तीनंतर बांधलेल्या बंगल्यात. पोर्चमध्ये त्याची एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार उभी असते. दोनच सीट, पिवळा रंग, कापडी टप मागे दुमडला की वरून सगळी उघडी. त्या काळच्या गाड्यांना सीटचे पट्टे, म्हणजे सीटबेल्ट, नसत, तसे हिलाही नव्हते. आणि ते बसवायचे नाहीत हा घरातला कायदा होता. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणे टॉर्च घेऊन गाडीच्या पोटाखाली शिरतात, आणि कंपनीने न पाडलेलं एक जरी भोक दिसलं तरी गुण कापतात. माझ्या नवऱ्याने आयुष्यात दुसऱ्या कशाचे गुण इतके जपलेले मी पाहिलेले नाहीत.

त्याच्यासारखेच आणखी पाच-सहा जण आहेत. दर रविवारी सकाळी सगळे आपापल्या जुन्या गाड्या काढतात, एकामागोमाग एक लांब फेरी मारतात आणि मग कुणाच्या तरी बंगल्यावर खाणंपिणं होतं. बायका शेजारी बसतात. मीही बसायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी आम्ही पिरंगुटचा घाट उतरत होतो. पुढच्या गाडीवाल्या मित्राला मागे टाकायचं नवऱ्याच्या डोक्यात आलं. साठी उलटलेले दोन बाप्ये, उतारावर शर्यत. वळणावर समोर कंटेनर उभा. त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली, मी थांबले नाही. समोरच्या काचेच्या चौकटीवर आपटले आणि डावं गळ्याजवळचं हाड मोडलं. आत पट्टी आणि सात स्क्रू बसवले. पुढे तीन महिने मला स्वतःची वेणी घालता आली नाही.

हे मी विसरले असते. खरंच विसरले असते. ब्रेक कुणालाही दाबावा लागतो.

पण हॉस्पिटलात मित्रमंडळी भेटायला आली तेव्हा माझ्या पलंगाशेजारी उभं राहून तो म्हणाला, "हिला फोटो काढायचा होता. चालत्या गाडीत उभी राहिली. मी काय करणार?" मला गुंगी होती, पण ऐकू येत होतं. सगळ्यांनी मान हलवली. कुणीतरी हसलंही. इतकी वर्षं गाडीला ओरखडा न येऊ देणारा माणूस म्हणून त्याची ख्याती आहे, ती वाचली. माझी अक्कल मात्र कायमची गेली.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, असं का सांगितलंत. तो म्हणाला, जाऊ दे ना, त्याने काय फरक पडतो. फरक असा पडला की त्यानंतर कुठल्याही बंगल्यावर गेलं की कुणीतरी हात जोडून म्हणायचं, वहिनी, आज कृपा करून बसून जा हं. त्यावर हशा. माझा नवराही हसायचा. दोन वर्षांत मी ते किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. मला दुसरं काही नको होतं. त्याच लोकांपुढे, त्याच्याच तोंडून, मी बसले होते एवढं ऐकायचं होतं. तो ते बोलणार नाही हे कळल्यावर मात्र मी मनात धरलं की याला दुखेल असं काहीतरी करायचं. आणि याला कुठे दुखतं हे मला माहीत होतं.

या पावसाळ्यानंतर तो आठ दिवसांसाठी बहिणीकडे नागपूरला गेला. त्याच दिवशी मी गाडी काढली आणि भुकूमला आमच्या नेहमीच्या गॅरेजवर नेली.

तिथला मिस्त्री पन्नाशीचा. पत्रा ठोकण्यात, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही. मी म्हटलं, दोन्ही सीटना खांद्यावरून येणारे पट्टे बसवायचे. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसायला लागला.

"सायबांना इचारल्याबिगर म्या हात न्हाई लावनार, मॅडम. त्यांची गाडी हाय."

आमच्याकडे ही रीतच आहे. बाई गाडी चालवत आली तरी गाडीचं काय करायचं ते तिच्या नवऱ्याला फोन करून विचारतात. मी भांडले नाही. पर्समधून आरसी बुक काढून त्याच्यापुढे धरलं. ही गाडी घेतली तेव्हा नवरा सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होता. एवढी शौकाची गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर ऑफिसात चौकशी लागेल, म्हणून त्याने ती माझ्या नावावर केली. त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली होती. मिस्त्रीने माझं नाव दोनदा वाचलं.

"मंग तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला.

काम सोपं नव्हतं. साध्या गाडीत दाराच्या मागे खांब असतो, पट्ट्याचं वरचं टोक त्याला बसतं. उघड्या गाडीला खांबच नाही. पट्टा खालून ओढून आणला तर झटक्याला तो खांदाच खाली दाबतो, कणा जातो. आणि नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर कागदासारखा फाटून हातात येतो. म्हणून त्याने सीटच्या मागे खांद्याच्या उंचीची लोखंडी कमान उभी करायची ठरवली. तिचे पाय थेट चॅसीला, खाली जाड पट्ट्या. बाकीची टोकं जमिनीला, तिथेही खालून पट्ट्या. कमानीमुळे टप पूर्वीसारखा सपाट दुमडणार नाही, थोडा फुगलेला राहील, हे त्याने मला दोनदा बजावलं. मी म्हटलं, राहू द्या फुगलेला.

तीन दिवस मी रोज तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. ड्रिल पत्र्यात उतरताना आधी पिवळा रंग उडायचा, मग चकचकीत लोखंडाची सालं निघायची. एकेक भोक पडताना मला जो आनंद होत होता तो मी लपवणार नाही. स्पर्धेचे गुण असेच गळून खाली पडत होते. चौदा भोकं. मी प्रत्येकाच्या वेळी खुर्ची जवळ ओढून बघितलं.

तिसऱ्या दिवशी मापासाठी त्याने मला डाव्या सीटवर बसवलं आणि पट्टा ओढून लावला. तो बरोबर माझ्या हाडातल्या स्क्रूंवर आला. माझा चेहरा बघून त्याने विचारलं की हितं दुखतंय का. मी सांगितलं, इथेच मोडलं होतं. साहेब म्हणतात मी उभी होते म्हणून मोडलं.

त्याने काचेच्या चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही चौकट तवा म्याच सरळ केली," तो म्हणाला. "मार खालच्या अंगाला व्हता, आतनं. उभं मानूस तितं लागत न्हाई. उभं आसतं तर काचेवरनं पार बॉनेटच्या म्होरं गेलं आसतं. तुमी बसलेल्या व्हता."

मी विचारलं, साहेबांना हे सांगितलं होतं का.

"सांगितलं की. ते म्हनाले, तू तुजं काम कर."

म्हणजे पत्र्यालासुद्धा माहीत होतं. मला रडू आलं, आणि रडण्याचा राग आला. मिस्त्रीने कमानीवरची पट्ट्याची कडी दोन बोटं बाहेर सरकवली. आता पट्टा स्क्रूंच्या बाजूने जाऊ लागला.

नवरा शनिवारी परत आला. पोर्चमध्ये गाडीभोवती त्याने तीन फेऱ्या मारल्या. गुडघे टेकून खाली पाहिलं, मग पालथा पडून पाहिलं. मी चहा घेऊन बाहेर गेले. हे कुणी केलं, असं त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. मी म्हटलं, मालकिणीने. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. ती शांतता मला फार गोड लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. घोटावड्याच्या बाजूला एका मित्राच्या बंगल्यावर सगळे जमले होते. आम्ही पट्टे लावून पोचलो. मंडळी गाडीभोवती गोळा झाली, हळहळली, कमानीला हात लावून बघितला. हे काय केलंस, असं एकाने नवऱ्याला विचारलं. मी त्याच्याकडे पाहत राहिले. दोन वर्षांत त्याला एवढी सोपी संधी मिळाली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

तो हसला. "काय करणार, हिला उभं राहायची खोड. बांधून ठेवायची सोय केली."

सगळे हसले. मी पोहे खाल्ले.

निघताना त्याच्या पोटात दोन बिअर होत्या. मी त्याच्या हातातून किल्ली घेतली. एवढ्या लोकांपुढे त्याला नाही म्हणता येईना. तो आयुष्यात पहिल्यांदा या गाडीच्या डाव्या सीटवर बसला. पट्टा त्याने लावला नाही. मी गाडी सुरूच केली नाही, तेव्हा लावला.

फाट्याच्या अलीकडे सरळ, रिकामा रस्ता आहे. आरशात पाहिलं, मागे कुणी नव्हतं. पुढेही नव्हतं. गाडी चाळिसावर होती. मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभी राहिले.

टायर किंचाळले. नवरा पुढे फेकला गेला, काचेच्या चौकटीपासून वीतभर अंतरावर पट्ट्याने त्याला धरलं आणि मागे आपटलं. टोपी रस्त्यावर गेली. कमान हलली नाही. त्याचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. इंजिन बंद पडलं होतं. शेजारच्या भातखाचरात बगळे होते, ते उडाले.

"तुम्ही बसला होतात की उभे होतात?" मी विचारलं.

तो गळ्याखाली पट्ट्याच्या जागेवर हात फिरवत होता.

"बसलेली होतीस तू," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

मी गाडी सुरू केली आणि अरुंद रस्त्यावर मागेपुढे करत वळवली. कुठे निघालीस, त्याने विचारलं. पाच मिनिटांत आम्ही पुन्हा त्याच बंगल्याच्या फाटकातून आत शिरलो. मंडळी अजून हिरवळीवरच बसली होती. मी त्यांच्या खुर्च्यांसमोर गाडी उभी केली, त्याच्या पट्ट्याचं बटण सोडलं आणि म्हटलं, "उतरा. उभं राहून सांगा."