दोन शिंगांचा शत्रू

घरातलं सगळ्यात शहाणं कोण, तर बिजली म्हैस, असं बादशहा पिंजारी म्हणायचा. “मग मी कोण?” असं त्याच्या बायकोनं, सुगराबीनं विचारलं की तो धनुकली खांद्यावर टाकून कापूस पिंजायला परगावी निघायचा. त्याच्या पिंजण्यात भागायचं नाही. घर चालायचं ते बिजलीच्या दुधावर.

शाहू महाराजांचं राज्य होतं. कोल्हापूरच्या पश्चिमेला, सुगराबीच्या गावामागच्या डोंगरमाथ्यावर पलटणीनं आरशाची चौकी बसवली होती. तिवईवरचा आरसा उन्हात उघडझाप करून निरोप धाडायचा आणि दरीपलीकडच्या चौकीवरचा आरसा त्याला उत्तर द्यायचा. सुगराबी रोज सकाळी तिथं दूध घालायला चढायची. पठारभर सोनकी पिवळीधमक, खाली दरीत ढग निजलेले. ती बघत थांबायची, आणि कुणी पाहिलंच तर पायातला काटा काढायचं सोंग करायची.

त्या दिवशी तिनं किटली हवालदार गणपतरावांपुढं ठेवली. ती ठण्णकन वाजली.

“दूध कुठाय?”

“चरायला गेलंय.”

आरशापाशी बसलेला शिपाई ज्ञानू फिसकन हसला. गणपतरावांनी डोळे वटारले.

“काल सांजच्याला दावं तोडून गेली बिजली,” सुगराबी म्हणाली. “दुर्बीण द्या की जरा, हवालदार.”

“सरकारी दुर्बीण हाय ती. शत्रू हुडकायला.”

“मग किती घावलं आत्तापातूर?”

गणपतरावांनी मिशी चाचपली. डोळ्यांपुढं कोरा चहा उभा राहिला असावा, कारण दुर्बीण मिळाली.

सुगराबीनं दुर्बीण फिरवत फिरवत एका जागी रोखली. समोरच्या डोंगरावर, पलीकडच्या चौकीखाली, अगदी कड्याच्या काठावर बिजली कोवळं गवत ओरबाडत होती. एक खूर निसटला की म्हैसही गेली आणि घरातली चूलही. दरी उतरून तिकडं पोचायचं तर दुपार व्हायची.

“आरशानं सांगा की त्यास्नी!”

“म्हशीपायी आरसा? सायबाला कळलं तर माझी फीत जाईल.”

“म्हशीचं नाव कशाला घेताय? काळा शत्रू कड्यावर आलाय म्हणा. दोन शिंगं हायती. जित्ता धरा.”

“ह्यात खोटं काय न्हाई बगा,” ज्ञानू म्हणाला.

गणपतरावांनी वर पाहिलं. एक ढग सूर्याकडं सरकत होता.

“शिंगं गाळ,” ते म्हणाले, “बाकीचं धाड.”

आरसा लखलखला. पलीकडून चार शिपाई बंदुका घेऊन पोटावर सरपटत निघाले. बिजलीनं मान वर केली. चरणं थांबवून तिनं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी तिच्याकडं. मग एकानं डोईचा पटका सोडून तिच्या गळ्यात अडकवला, आणि चौघं मिळून तिला कड्यावरून मागं ओढू लागले.

“शत्रू धरला. लाथा मारतो,” ज्ञानूनं उत्तर वाचलं. पण ते ऐकायला सुगराबी होती कुठं? ती किटली घेऊन दरीत उतरतही होती, पदरानं डोळे पुसत आणि हसत.

दुपारी गणपतरावांनी दुर्बीण लावली. पलीकडं चुलीचा धूर निघत होता. सुगराबी बिजलीच्या कासेशी बसली होती आणि चौघं शिपाई हातात पेले धरून रांगेत उभे होते. एवढ्यात तिकडचा आरसा चमकला. ज्ञानूनं वाचलं आणि तोंड फिरवलं.

“काय म्हणत्यात?”

“शत्रू शरण आला. चहा झ्याक झालाय.”

गणपतरावांनी आपला कोरा चहा फुंकला आणि आरशावर झाकण घालायचा हुकूम दिला.